दहापैकी किती

आमच्या मोठ्या जाऊबाईंना लोकांनी दोनदा बरं केलं आणि दोनदा संपवलं. दोन्ही गोष्टी त्यांना न विचारता.

लॉन्ड्रीतला अपघात होईतोवर त्यांच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. आम्ही एकाच घरात राहतो, जाऊबाई आणि भाऊजी खाली आणि आम्ही दोघं वर. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, जाऊबाई एका मोठ्या लॉन्ड्रीत. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येतात. जाऊबाई रोलरवर असायच्या. रोलर म्हणजे दोन खाटांएवढी रुंद, वाफेवर चालणारी इस्त्री. एका बाजूने दमट चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कोऱ्या कागदासारखी बाहेर येते. पलीकडे तिची घडी घालणारी बाई उभी असते, तिला सगळे घडीवालीच म्हणतात. तिथे आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून या दोघी नुसते ओठ हलवून बोलायच्या. अशा रीतीने वीसेक वर्षांत त्यांनी दोन्ही घरच्या सगळ्या भानगडी एकमेकींना सांगितल्या आणि कोणाच्या कानावर काही गेलं नाही. आमच्या घराण्यात एवढी गुप्तता दुसऱ्या कोणाला जमलेली नाही.

रोलरमागच्या भिंतीवरून वाफेचा पाइप जायचा. त्याचा एक सांधा फुसफुसतोय, असं बॉयलर सांभाळणारे काका मालकांना सांगत होते. मालक म्हणाले, सीझन संपला की बघू. सांध्याला सीझनचं वेळापत्रक कोणी कळवलं नसावं. एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपून सगळ्या जागेवर उभ्या राहतात न राहतात तोच तो सुटला.

जाऊबाई भिंत आणि रोलर यांच्यामध्ये सापडल्या. डोळ्यांसमोर सगळं पांढरं. त्या खाली बसल्या, हाताला लागल्या त्या ओल्या चादरी अंगावर ओढल्या आणि टेबलाखाली सरकल्या. काका वाफ बंद करायला आत धावले. त्यांनी ती बंद केलीही, पण तेवढ्यात ते इतके भाजले की हॉस्पिटलात पोचेपर्यंतच गेले. जाऊबाईंना घडीवालीने पायाच्या घोट्याला धरून ओढून बाहेर काढलं. त्यांचा डावा हात कोपरापासून मानेपर्यंत भाजला होता.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की रोलरवरच्या वाघिणीने जिवावर उदार होऊन सहकारी महिलेला वाचवलं. म्हणजे जिला ओढून काढलं तीच वाघीण ठरली आणि जिने ओढलं ती वाचलेली अबला. काकांना शेवटच्या ओळीत जागा मिळाली. घडीवाली पेपर घेऊन हॉस्पिटलात आली आणि म्हणाली, "बघ, छापून आलंय. पुढच्या वेळी मी टेबलाखाली जाते, तू ओढ." जाऊबाई हसल्या, आणि हसताना मान ओढली गेली म्हणून रडल्या. त्या आठवड्यात त्यांच्याशी सरळ बोललेलं ते एवढंच एक माणूस.

त्या घरी आल्या आणि आमच्या भाऊजींनी कारभार हाती घेतला. भाऊजींचं चौकात कुलपा-किल्ल्यांचं दुकान आहे. माणूस गरीब गाय, पण त्यांच्या मते जगातल्या बहुतेक अडचणींवर चांगलं कुलूप हा उपाय आहे. त्यांनी किटली, कुकर, इस्त्री, म्हणजे जे जे म्हणून वाफ सोडतं ते ते सगळं कपाटात घातलं, कपाटाला नवं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. खाली गार दूध आणि पाव सुरू झाला. वरच्या मजल्यावर आम्हालाही ताकीद मिळाली की शिट्टी वाजता कामा नये. मी कुकर शिट्टीच्या आधी उतरवायला लागले आणि आम्ही अर्धकच्चा भात खायला लागलो. घरातली सगळी माणसं चुरगळलेले कपडे घालून कामावर जाऊ लागली. एका इस्त्रीवालीच्या घरची अशी कळा पाहून शेजारी हळहळले आणि म्हणाले, बघा, किती मोठा धक्का बसलाय कुटुंबाला.

दुसरा उपचार नणंदबाईंचा. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे त्यांना उत्तर आधी माहीत असतं, प्रश्न मागून विचारला तरी चालतो. त्यांनी जाऊबाईंना दारातूनच पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की ही आता पूर्वीची राहिली नाही, असली माणसं पुन्हा उभी राहत नसतात, त्यांच्या ओळखीतल्या एकीच्या मावसबहिणीचं असंच झालं होतं. मग बाहेर येऊन त्याच तोंडाने जाऊबाईंना म्हणाल्या की तुला काही झालेलं नाही, मन दुसरीकडे गुंतव. मन गुंतवायला त्यांनी लोकर, सुया आणि एक कुंडी आणली होती. जाऊबाईंचा डावा हात बँडेजमध्ये होता. त्यांनी कुंडीकडे बघून मान हलवली.

खरं काय चाललं होतं ते कोणी विचारत नव्हतं, मीसुद्धा उशिराच विचारलं. जाऊबाईंनी आपली खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली होती, आणि जाता येता सगळे तिला अडखळायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, ही कडेला सरकवू का? तर त्या म्हणाल्या, "नको गं. भिंतीत काय आहे ते दिसत नाही ना." त्या गार पाण्याने अंघोळ करत होत्या. रस्त्यात गाडीचा ब्रेक फुसकन वाजला तरी हातातलं खाली टाकत होत्या. एकदा कामावर जायचं म्हणून निघाल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आल्या, भाजी घ्यायला गेले होते म्हणाल्या. हातात पिशवी नव्हती.

मग लॉन्ड्रीच्या विमा कंपनीने एक समुपदेशक बाई पाठवली. वय तिशीच्या आत, खांद्याला झोळी. सोबत म्हणून मी बसले होते आणि मनातल्या मनात हिची नक्कल आज जेवताना कशी करायची ते ठरवत होते. तिने थोडं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाली, "जे झालं त्यातून सावरता येईल, असा तुम्हाला स्वतःबद्दल किती भरवसा वाटतो? शून्य ते दहापैकी सांगा."

मला वाटलं, झालं. आता त्यांना इथेही मार्क मिळणार.

जाऊबाईंनी बराच विचार केला आणि विचारलं, "कशासाठी? चहा करायला की रोलरवर उभं राहायला?"

त्या मुलीने पेन खाली ठेवलं. माझा प्रश्नच मोघम होता, असं ती सरळ म्हणाली. मी आयुष्यात प्रथमच एका शिकलेल्या माणसाला आपला प्रश्न परत घेताना पाहत होते, नणंदबाई तिथे असायला हव्या होत्या. मग तिने एकेक गोष्ट वेगळी विचारली. रोलरला शून्य मिळालं. लॉन्ड्रीच्या रस्त्याने जायला एक. गरम पाण्याने अंघोळीला दोन. घडीवालीशी त्या दिवसाबद्दल बोलायला नऊ, आणि हे सांगताना जाऊबाईंना स्वतःलाच नवल वाटलं. चहाला तीन.

"तिनाचे चार व्हायला काय लागेल?" मुलीने विचारलं.

"किल्ली," जाऊबाई म्हणाल्या.

जेवताना मी नक्कल केली नाही. करण्यासारखं काही हातात उरलं नव्हतं.

भाऊजींकडे किल्ली मागायची हिंमत दोघींतही नव्हती, म्हणून चहा माझ्या स्वयंपाकघरात करायचं ठरलं. भाऊजी दुकानात गेले की जाऊबाई वर यायच्या. दोन प्रौढ बायका आपल्याच घरात चहा करण्यासाठी असा कट करत होत्या. पहिल्या दिवशी त्या दारातच उभ्या राहिल्या. पातेल्यातून वाफ निघायला लागताच जिना उतरून थेट रस्त्यावर. मी एकटीने दोघींचा चहा प्यायला. थोड्या वेळाने त्या परत आल्या आणि विचारलं, नीट उकळला होता का? जणू त्या मुद्द्यावरच बाहेर गेल्या होत्या. पुढे त्यांनी माझं मनगट धरून उभं राहायला सुरुवात केली. मनगटावर नखं उमटायची. दुकानात गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी मांजर पाळल्याचं सांगत होते. हळूहळू मनगट सुटलं आणि पातेल्याशी त्या उभ्या आणि दारात मी, असं झालं. कधी सलग चार दिवस जमायचं, आणि पाचव्या दिवशी झाकण खणखणलं तरी परत जिना. त्या मुलीने आधीच सांगितलं होतं की असं मागेपुढे होईल, त्याला नापास म्हणायचं नाही. जाऊबाईंनी ते फार गंभीरपणे घेतलं. जिना उतरून गेल्या तरी परत वर येऊन त्या म्हणायच्या, आजचं झालं.

अशात मालकांचा निरोप आला. नवा बॉयलर बसला होता आणि त्याचं उद्घाटन होतं. वाघिणीने व्यासपीठावर येऊन धैर्याबद्दल दोन शब्द बोलावेत, तिचा सत्कारही होईल. सांध्याबद्दल कोणी दोन शब्द बोलणार होतं की नाही, ते निरोपात नव्हतं. लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते खाली काय पडलंय ते बघत नाहीत, हे मालकांना ठाऊक होतं. भाऊजी म्हणाले, अजिबात जायचं नाही. नणंदबाई, ज्यांच्या मते जाऊबाई कायमच्या संपल्या होत्या, त्या म्हणाल्या की जायलाच हवं, आणि पुढच्या रांगेतली जागाही विचारून घेतली. जाऊबाई म्हणाल्या, मी जाते, मला ती भिंत बघायची आहे.

आम्ही तिघी गेलो. भाऊजी आलेच नाहीत, दुकानात काम आहे म्हणाले. फाटकाशी पोचलो आणि आतून गरम, दमट सुती कापडाचा वास आला. मला तो चांगला वाटला. जाऊबाई जागच्या जागी फूटपाथवर बसल्या आणि त्यांना उलटी झाली. नणंदबाईंची नवी पर्स नेमकी जवळ आणि उघडी होती. आत लाउडस्पीकरवर मालक सांगत होते की आमची वाघीण मृत्यूच्या जबड्यातून परत आली आणि भीती हा शब्द तिच्या कोशात नाही. बाहेर मी वाघिणीचं कपाळ धरून उभी होते. मग नाव पुकारलं गेलं. कोणीतरी जायला हवं, असं म्हणून नणंदबाई रिकाम्या हातांनी आत गेल्या आणि ढाल घेऊन बाहेर आल्या. धैर्याबद्दलचे दोन शब्दही त्याच बोलल्या, आणि ऐकणाऱ्यांच्या मते चांगले बोलल्या. ती ढाल आजही त्यांच्याच दिवाणखान्यात आहे.

घरी आल्यावर निकाल लागला. नणंदबाई म्हणाल्या, मी म्हटलंच होतं. आमचे हे म्हणाले, वहिनींनी आता घरीच आराम करावा. भाऊजींनी जाऊबाईंच्या चपला उचलून आत नेऊन ठेवल्या, जणू त्यांचं काम संपलं. ही जाऊबाई संपण्याची दुसरी वेळ.

त्या मात्र खोलीच्या मधोमध बसून पाणी पीत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक होता, पण मान ताठ. म्हणाल्या, "मागे गल्लीच्या तोंडाशीच परत फिरले होते. आज फाटकापर्यंत गेले की."

नणंदबाईंना वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी बघितलंच नाही असं केलं.

"उद्या घडीवालीबरोबर जाते," जाऊबाई पुढे म्हणाल्या. "उद्या बॉयलर बंद असतो."

तेव्हा भाऊजी बोलले. हा माणूस गिऱ्हाइकाशीसुद्धा आवाज चढवत नाही. ते म्हणाले, "जा. तुला जायचं तर जा. पण मी त्या दाराबाहेर पुन्हा उभा राहणार नाही."

कुठल्या दाराबाहेर, कोणालाच कळेना. मग त्यांनी सांगितलं, जमिनीकडे बघत, तुटक तुटक. अपघाताच्या दिवशी ते हॉस्पिटलात धावत पोचले तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं की लॉन्ड्रीतलं एक माणूस गेलं. बाई की पुरुष, ते त्याला माहीत नव्हतं. त्याने तळमजल्यावरच्या एका बंद दाराकडे बोट केलं आणि थांबायला सांगितलं. भाऊजी त्या दारासमोर उभे राहिले. दाराला साधं कुलूप होतं, त्यांनी मनात आणलं असतं तर हेअरपिनेने उघडलं असतं. पण हात पुढे गेला नाही. किती वेळ गेला ते त्यांना सांगता येईना. शेवटी कोणीतरी किल्ली घेऊन आलं, दार उघडलं, आणि भाऊजींना स्ट्रेचरवर काकांचे बूट दिसले. काका त्यांचे जुने दोस्त, दर रविवारी दुकानावर गप्पांना बसायचे.

"बूट दिसले आणि मला आनंद झाला," भाऊजी म्हणाले. "मी हसलो गं. तो किल्लीवाला माझ्याकडे बघतच राहिला."

एवढे आठवडे आम्ही सगळे जाऊबाईंना कोण किती सांभाळतं याची चढाओढ करत होतो. या माणसाने कपाटाला कुलूप का लावलं, ते कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आम्ही त्यांना प्रेमळ नवरा ठरवून मोकळे झालो होतो. नणंदबाई काही तरी म्हणायला गेल्या, बहुधा मन दुसरीकडे गुंतव असं, पण आमच्या ह्यांनी त्यांना कधी नव्हे ते हाताला धरून जिन्याकडे नेलं. मीही निघाले. जाताना मागे जाऊबाईंचा आवाज ऐकू आला, "अहो, तुम्हाला कोणी विचारलंच नाही ना."

पुढचं मला नंतर कळलं. भाऊजींनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मला नाही जमणार उघडायला, तूच उघड. जाऊबाईंनी कपाट उघडलं, किटली काढली, विसळली आणि गॅसवर चढवली. भाऊजी बाहेरच्या दाराची कडी हातात धरून उभे. शिट्टी झाली तेव्हा दोघांनाही दचकायला झालं. जाऊबाई म्हणतात, गंमत अशी की मी घाबरले की नाही ते बघायचं राहूनच गेलं, सगळं लक्ष यांच्याकडे.

यानंतर त्या झटक्यात बऱ्या झाल्या असं सांगितलं तर नणंदबाईंच्या भाषणात ते शोभेल. तसं झालं नाही. बॉयलर बंद असलेल्या दिवशी त्या घडीवालीबरोबर आत गेल्या, गार पडलेल्या रोलरवर हात ठेवला, आणि पाणी पिऊन परत आल्या. पुढच्या वेळी भिंतीजवळ गेल्या. नवा पाइप आता छतावरून नेला होता, सगळे सांधे डोळ्यांना दिसतील असे. ते बघून त्यांना राग आला. एवढंच करायचं होतं तर आधी का नाही केलं, असं त्यांनी मालकांना तोंडावर विचारलं. मालक वाघिणीची डरकाळी फक्त व्यासपीठावर ऐकायला तयार होते. ते म्हणाले, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. जाऊबाई म्हणाल्या, माझी मनःस्थिती राहू दे, काकांनी सांगितलं होतं की नाही, तेवढं सांगा. मालकांना तेवढ्यात फोन आला. फोन वाजल्याचं कोणी ऐकलं नाही, आणि त्या दिवशी लॉन्ड्रीत आवाजही नव्हता.

मग बॉयलर चालू असताना जायला लागल्या. पाठीमागे भिंत नको होती, म्हणून रोलरची दिशा बदलता येईल का, असं त्यांनी सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझर म्हणाला, मशीन फिरवायला वरून मंजुरी लागेल. घडीवालीने मशीन तसंच ठेवून जागा बदलली. आता जाऊबाई घडी घालतात आणि घडीवाली चादर सरकवते. नाव मात्र तिचं घडीवालीच राहिलं. ओठांचं बोलणं पूर्वीसारखं चालू आहे, फक्त त्यात आता माझ्याबद्दलही काही असतं, असा मला संशय आहे.

अजूनही कधीतरी त्या सकाळी उठतात आणि म्हणतात, आज नाही. मग त्या जात नाहीत. सुपरवायझर पगार कापतो, त्या कापून घेतात. भरवसा आला का हो, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, आजचा आला. ऐकायला हे काही फार मोठं वाटत नाही. पण आमच्या दुकानात लोक नजर तपासायला येतात तेव्हा फळ्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि आपल्याला सगळं स्पष्ट दिसतं असं सांगतात, आणि जाताना काचेच्या दारावर आपटतात. त्या मानाने जाऊबाईंचं बरंच बरं आहे.

भाऊजींचं एक काम मात्र राहिलं होतं. काका गेल्यापासून ते काकूंकडे फिरकले नव्हते. त्या रस्त्याने जावं लागू नये म्हणून लांबून वळसा घालत होते. शेवटी जाऊबाईच त्यांना घेऊन गेल्या. भाऊजींनी तिथे बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, ते दार, ते बूट, ते हसू. काकूंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बायको जिवंत आहे कळल्यावर जो हसणार नाही, त्याला मी घरात कशाला घेऊ?"

त्यांनाही रडू आलं, भाऊजींनाही. थोड्या वेळाने काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, हे गेल्यापासून मागच्या खोलीची खिडकी लागतच नाहीये, वारा आला की आपटते, तेवढी बघतोस का. भाऊजींनी हत्यारं नेली नव्हती. ते घरी येऊन ती घेऊन परत गेले, जाताना आणि येताना सरळ रस्त्याने.